कंपनी विकली, पैलवानांचं काय? डब्ल्यूसीडब्ल्यूच्या विक्रीचं प्रकरण (२००१)

२६ मार्च २००१, सोमवार. डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकी कुस्ती कंपनीचा 'मंडे नायट्रो' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर सगळ्यात आधी दिसला तो व्हिन्स मॅकमॅन, म्हणजे समोरच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीचा मालक. साडेपाच वर्षं ज्याला संपवायच्या गोष्टी याच कार्यक्रमात झाल्या, तोच आता सांगत होता की ही कंपनी माझी झाली. कार्यक्रम होता फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर. मॅकमॅन स्वतः बोलत होता क्लीव्हलँडहून, कारण तिथे त्याचा 'रॉ' हा कार्यक्रम होता. पनामा सिटीत बूट बांधून बसलेल्या बहुतेक पैलवानांना उद्यापासून आपण कुणाचे, हे ठाऊक नव्हतं.

या विक्रीवर लिहिलं खूप गेलंय, पण बहुतेक लिखाण 'कोण जिंकलं' याबद्दल आहे. इथे विषय वेगळा आहे: कंपनी हातातून हातात गेली तेव्हा तिच्यात काम करणाऱ्या माणसांपुढे काय काय होतं, त्यांनी काय निवडलं आणि त्याचं पुढे काय झालं. सगळी माणसं प्रसिद्ध आहेत आणि घडलं ते पडद्यावर घडलं, म्हणून नावं झाकलेली नाहीत.

पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना या मंडळींची ओळख पत्त्यांमधून आहे. उंची, वजन, रँक, 'चल, हाइट बोल' म्हणत मधल्या सुट्टीत खेळायचे ते पत्ते. त्या पत्त्यांमागे अमेरिकेत दोन कंपन्यांचं खरंखुरं युद्ध चालू होतं.

डब्ल्यूडब्ल्यूएफ ही मॅकमॅन कुटुंबाची कंपनी. डब्ल्यूसीडब्ल्यू अटलांटाची. १९८८ च्या अखेरीस टेड टर्नरने क्रॉकेट कुटुंबाची कुस्ती कंपनी विकत घेतली, त्यातून ती उभी राहिली. टर्नरकडे स्वतःच्या टीव्ही वाहिन्या होत्या, त्यामुळे डब्ल्यूसीडब्ल्यूला वेळ मागायला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. ४ सप्टेंबर १९९५ ला 'नायट्रो' सुरू झाला, मुद्दाम सोमवारी, 'रॉ'च्या समोर. १९९६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमधून स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश आले, जुलैमध्ये हल्क होगन कहाणीत खलनायक झाला (या कुस्तीत कोण चांगला, कोण वाईट आणि कोण जिंकणार हे आधीच लिहिलेलं असतं) आणि सलग ८३ आठवडे 'नायट्रो'ने 'रॉ'ला टीआरपीत मागे टाकलं.

पुढे गाडी घसरली ती का, यावर स्वतंत्र लेख होईल. आपल्या कामापुरतं एवढंच: कंपनीने मोठमोठी नावं हमीच्या पैशावर बांधली होती. कुस्ती खेळा किंवा नका खेळू, प्रेक्षक येवोत न येवोत, ठरलेला आकडा मिळणार. डब्ल्यूडब्ल्यूएफची पद्धत वेगळी होती. तिथे किमान रकमेची हमी लहान, बाकीची कमाई तिकीटबारी, पे-पर-व्ह्यू (वेगळे पैसे भरून घरी बघायचे कार्यक्रम) आणि टी-शर्ट विक्रीच्या वाट्यातून. त्यातून मिळायचं भरपूर, पण कंपनी चालली तर. डब्ल्यूसीडब्ल्यूत कंपनी बुडत असतानाही वरच्या फळीचे पैसे सुरू राहिले. २००० या एका वर्षातला तोटा सुमारे ६ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

आणखी एक बारकावा आहे, आणि पुढचं सगळं त्यावर फिरतं. सगळ्यात मोठ्या ताऱ्यांचे करार कुस्ती कंपनीच्या गळ्यात नव्हते, मूळ मालक कंपनीच्या होते. १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली, जानेवारी २००१ मध्ये टाइम वॉर्नर आणि एओएल एक झाले. म्हणजे गोल्डबर्ग, स्टिंग, नॅश वगैरे लोकांच्या चेकवर सही जगातल्या सगळ्यात मोठ्या माध्यम कंपन्यांपैकी एकीची होती. मधल्या आणि खालच्या फळीचं तसं नव्हतं.

विक्री नेमकी कशाची झाली

जानेवारी २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचा माजी प्रमुख एरिक बिशॉफ आणि त्याचे गुंतवणूकदार, फ्यूशंट मीडिया या नावाने, डब्ल्यूसीडब्ल्यू घेणार असं जाहीर झालं. तो सौदा झाला असता तर पैलवानांपुढचा प्रश्न बराच सौम्य झाला असता, कारण कंपनी चालूच राहिली असती. पण मार्चमध्ये टर्नरच्या वाहिन्यांचा नवा प्रमुख जेमी केलनर याने ठरवलं की टीएनटी आणि टीबीएसवर कुस्ती नको. टीव्हीवरची वेळच गेली म्हटल्यावर फ्यूशंट मागे सरली. टीव्हीवर जागा नसलेली कुस्ती कंपनी म्हणजे जुन्या टेप आणि काही बोधचिन्हं.

आणि तेवढंच मॅकमॅनने घेतलं. २३ मार्चला सौदा जाहीर झाला. नाव, चिन्हं, टेपचं भांडार आणि सुमारे दोन डझन पैलवानांचे करार. किंमत २५ लाख डॉलरच्या आसपास सांगितली गेली. जिथे एका वर्षात ६ कोटींचा तोटा झाला, ती कंपनी या भावात. जुनी देणी, कोर्टकचेऱ्या आणि महागडे करार मागे टाइम वॉर्नरकडेच राहिले. मागे राहिलेल्या त्या सांगाड्याला 'युनिव्हर्सल रेसलिंग कॉर्पोरेशन' असं नावही मिळालं.

तमाशाचा फड विकला गेला तर बोर्डावरचं नाव नव्या मालकाचं होतं, पण सोंगाड्या कुणाची उचल घेऊन बसलाय त्यावर तो कुठे जाणार हे ठरतं. इथेही तसंच झालं. बोर्ड मॅकमॅनकडे आला. मोठ्या सोंगाड्यांची उचल टाइम वॉर्नरची होती.

अडचण

अमेरिकेतले व्यावसायिक पैलवान कागदोपत्री कुणाचे नोकर नसतात. ते स्वतंत्र कंत्राटदार. संघटना नाही, आरोग्य विमा स्वतःचा स्वतः, प्रवासाचा बराचसा खर्चही स्वतःचा. जेसी व्हेंच्युराने १९८६ मध्ये संघटनेचा विषय काढला होता, तो तिथेच विरला. अशा धंद्यात माणसाचं एकमेव हत्यार म्हणजे दुसरी कंपनी. 'इथे जमत नसेल तर मी पलीकडे जातो' हे वाक्य म्हणता येणं. हॉल आणि नॅश १९९६ मध्ये पलीकडे गेले तेव्हा सगळ्या धंद्याचे भाव वर गेले होते.

२३ मार्चला ते वाक्यच संपलं. तिसरी कंपनी ईसीडब्ल्यू, फिलाडेल्फियाची, आधीच गाळात होती. एप्रिलच्या सुरुवातीला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे दोन आठवड्यांच्या आत अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर पैलवान घेणारा एकच मालक उरला. 'डब्ल्यूसीडब्ल्यूच्या पैलवानांचं काय झालं' असं आपण विचारतो, पण डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आधीपासून असलेल्यांची सौदा करण्याची ताकदही त्याच दिवशी गेली. त्यांना ते कदाचित उशिरा कळलं असेल.

पर्याय: कुणापुढे काय होतं

पहिला गट, टाइम वॉर्नरशी करार असलेले. स्टिंग ४२ वर्षांचा, रिक फ्लेअर ५२, नॅश ४१, गोल्डबर्ग ३४. यांच्यापुढे दोन वाटा. एक, घरी बसायचं आणि करार संपेपर्यंत पूर्ण पैसे घ्यायचे. दोन, उरलेल्या रकमेतला काही भाग सोडून टाइम वॉर्नरशी तडजोड करायची आणि लगेच मॅकमॅनकडे जायचं, त्याच्या अटींवर.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पैलवानाने रिंगसाठी जीव टाकावा. पण ज्याचे गुडघे वीस वर्षं लाकडी फळ्यांवर आपटलेत, त्याला घरी बसून पूर्ण पगार मिळत असेल तर त्याने कशाला उठावं? शिवाय पलीकडे स्वागत कसं होईल याची खात्री नव्हती. बहुतेकांनी घरी बसणं निवडलं, आणि माझ्या मते ते अगदी बरोबर होतं.

दोन जण गेले. डायमंड डॅलस पेज आणि बुकर टी. दोघांनी तडजोड केली, पैसे सोडले. पेजचं कारण वयात होतं. तो कुस्तीत उतरलाच तिशी ओलांडल्यावर आणि एप्रिल २००१ मध्ये तो ४५ चा झाला. दीड वर्ष वाट पाहिली असती तर ४६-४७ व्या वर्षी नव्या ठिकाणी सुरुवात. बुकर टी ३६ चा. शेवटच्या 'नायट्रो'त स्कॉट स्टायनरला हरवून तो डब्ल्यूसीडब्ल्यूचा जगज्जेता झाला होता, म्हणजे पट्टा त्याच्याच खांद्यावर. जो पट्टा आता दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तो घेऊन घरी बसण्यात अर्थ नव्हता.

दुसरा गट, ज्यांचे करार डब्ल्यूडब्ल्यूएफने उचलले. लान्स स्टॉर्म, शेन हेल्म्स, बिली किडमन, शॉन ओहेअर, चक पालंबो, बफ बॅगवेल आणि असे इतर. निवड कशी झाली ते बघण्यासारखं आहे. हे करार स्वस्त होते आणि थोड्या सूचनेवर मोडता येण्यासारखे होते. यातले काही खरोखर गुणी होते, पण निवडीची पहिली चाळणी किमतीची होती. या लोकांपुढे पर्याय म्हणावा असा नव्हताच. जिथे पाठवतील तिथे जायचं, नाहीतर जपानचा दौरा किंवा शाळेच्या जिममधल्या शनिवारच्या कुस्त्या.

तिसरा गट, ज्यांना कुणीच विचारलं नाही. त्यात एक तरुण होता, एजे स्टाइल्स, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या शेवटच्या आठवड्यांत जोडीच्या कुस्त्यांमध्ये दिसलेला. त्याचा करार घ्यावा असं कुणाला वाटलं नाही. जेफ जॅरेटचं प्रकरण आणखी वेगळं. त्याला तर त्याच रात्री, २६ मार्चला, मॅकमॅनने टीव्हीवर नाव घेऊन हाकललं, जुन्या भांडणाचा वचपा म्हणून. समालोचक, पंच, अटलांटातल्या 'पॉवर प्लांट' प्रशिक्षण केंद्रातले लोक, कार्यालयातले कारकून, यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. 'नायट्रो'चा आवाज असलेला टोनी शिआव्होनी कुस्ती सोडून जॉर्जियात बेसबॉलच्या समालोचनाकडे गेला.

खरेदीदारापुढेही पर्याय होते. डब्ल्यूसीडब्ल्यू स्वतंत्र कंपनी म्हणून चालवायची, तिचा वेगळा कार्यक्रम, वेगळे दौरे. किंवा मोठ्या नावांचे करार पैसे मोजून घ्यायचे आणि प्रेक्षक पाच वर्षं ज्या लढतींची स्वप्नं बघत होते त्या लावायच्या. किंवा थांबायचं, वर्षभरात करार आपोआप संपतील. किंवा आहे त्या माणसांवर लगेच सुरू करायचं.

दुसरा पर्याय का घेतला नाही याचं एक सरळ उत्तर आहे, आणि ते मला पटतं. गोल्डबर्गला त्याचा जुना हमीचा आकडा दिला असता तर दुसऱ्या दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अंडरटेकरने विचारलं असतं, मला का नाही? पगाराची सगळी रचना कोसळली असती. त्यात मॅकमॅनने त्याच वर्षी एक्सएफएल नावाची फुटबॉल लीग काढून मेमध्ये बंद केली होती आणि कोट्यवधी डॉलर घालवले होते. हात आखडता घेण्याचा तो काळ होता. पण हात आखडायचाच तर घाई नको होती.

काय केलं गेलं

आधी वेगळ्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. काही पैलवानांना सिनसिनाटीच्या आणि लुईव्हिलच्या प्रशिक्षण केंद्रांत पाठवलं. २८ मे ला कॅल्गरीत 'रॉ' चालू असताना लान्स स्टॉर्म रिंगमध्ये घुसला. तो तिथलाच, त्यामुळे ते जमून गेलं. २४ जूनला बुकर टीने 'किंग ऑफ द रिंग'मध्ये येऊन डब्ल्यूडब्ल्यूएफचा मोठा तारा स्टीव्ह ऑस्टिन याला टेबलावर आपटलं. डब्ल्यूसीडब्ल्यूची माणसं डब्ल्यूडब्ल्यूएफवर चाल करून येतात, अशी ही कहाणी; इथपर्यंत तिच्या 'आक्रमण' या नावाला काही अर्थ होता.

मग २ जुलैची रात्र आली, टॅकोमा. 'रॉ'चा शेवटचा भाग डब्ल्यूसीडब्ल्यूला दिला. समालोचक बदलले, पडद्यावरचं चिन्ह बदललं आणि मुख्य लढत लावली बुकर टी विरुद्ध बफ बॅगवेल. प्रेक्षक डब्ल्यूडब्ल्यूएफचे, तिकीट डब्ल्यूडब्ल्यूएफचं, शहर देशाच्या वायव्य टोकाचं, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या दक्षिणी बालेकिल्ल्यापासून हजारो किलोमीटर दूर. लोकांनी हुर्यो उडवली. लढतही फिकी झाली हे खरं, पण त्या रात्री तिथे कुणाचीही लढत फिकी ठरली असती. बॅगवेलला थोड्याच दिवसांत काढून टाकलं. आणि स्वतंत्र डब्ल्यूसीडब्ल्यूचा विचार, मॅकमॅनच्या मनात जेवढा होता तेवढाही, तिथेच संपला.

पुढच्याच सोमवारी, ९ जुलैला, कहाणीत ईसीडब्ल्यू आणली आणि दोघांची आघाडी केली. गंमत अशी की हा कार्यक्रम अटलांटात होता, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या घरी. आठवडाभर थांबून ती टॅकोमाची लढत अटलांटात लावली असती तर? हा प्रश्न मी एकट्याने विचारलेला नाही, गेली वीस-पंचवीस वर्षं चाहते तेच विचारताहेत. आघाडीचे मालक कहाणीत कोण? शेन आणि स्टेफनी, मॅकमॅनचीच मुलं. म्हणजे दोन कंपन्यांचं युद्ध राहिलं नाही, एका घरातलं भांडण झालं. २२ जुलैच्या 'इन्व्हेजन' या पे-पर-व्ह्यूला लोकांनी प्रचंड पैसे मोजले, साडेसात लाखांच्या वर घरांनी तो विकत घेतला. भूक होती हे त्यावरून कळतं. त्याच रात्री स्टीव्ह ऑस्टिन आघाडीला जाऊन मिळाला आणि तिचा चेहरा झाला.

१८ नोव्हेंबरला ग्रीन्सबरोत शेवटची पाच विरुद्ध पाच लढत झाली, हरेल ती कंपनी बंद. आघाडीचे पाच जण बघा: ऑस्टिन, कर्ट अँगल, शेन मॅकमॅन, ईसीडब्ल्यूचा रॉब व्हॅन डॅम आणि बुकर टी. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या बाजूने लढणाऱ्यांत डब्ल्यूसीडब्ल्यूहून आलेला माणूस एक. पाचातले तीन मालकाच्या घरचे, त्यातला एक तर मालकाचा मुलगाच. आघाडी हरली.

परिणाम

पेजचं सगळ्यात वाईट झालं. तीन वेळा जगज्जेता राहिलेला माणूस, प्रेक्षकांचा लाडका, 'लोकांचा चॅम्पियन' अशी त्याची ओळख. त्याला आणलं ते अंडरटेकरच्या बायकोचा पाठलाग करणारा विकृत माणूस म्हणून. मग अंडरटेकरकडून मार, नंतर टीव्हीवर त्याच्या बायकोकडूनही हार. पुढे मानेची दुखापत झाली आणि २००२ मध्ये तो बाहेर पडला. पैसे सोडून आलेल्या माणसाला हे मिळालं. त्याने नंतर योगावर आधारलेला स्वतःचा व्यायामप्रकार काढला, त्यात नाव आणि पैसा दोन्ही कमावलं, पण ते कुस्तीबाहेरचं यश.

बुकर टीचं वेगळं झालं. पहिल्या वर्षी त्यालाही हसण्यावारी नेलं, ऑस्टिनने त्याला सुपरमार्केटमध्ये बडवलेला प्रसंग अनेकांना आठवत असेल. पण तो टिकला. २००६ मध्ये जगज्जेता झाला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, समालोचक झाला. वयाची नऊ वर्षं कमी असणं हा दोघांतला मोठा फरक. दुसरा फरक असा की बुकरने मिळेल ती विनोदी भूमिका अंगावर घेतली आणि ती स्वतःची करून टाकली.

घरी बसलेले एकेक करत आले, आणि प्रत्येकाला पेजपेक्षा चांगली वागणूक मिळाली. फ्लेअर आघाडी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ नोव्हेंबरला, कंपनीचा सहमालक म्हणून कहाणीत आला. फेब्रुवारी २००२ मध्ये होगन, हॉल आणि नॅश. (यातला होगन २००० च्या उन्हाळ्यापासूनच डब्ल्यूसीडब्ल्यूशी कोर्टात भांडत होता आणि हॉल आधीच बाहेर होता, त्यामुळे 'घरी बसून पगार' ही गोष्ट नॅशची.) मार्चमध्ये टोरंटोत होगन विरुद्ध रॉक झाली, ती आजही लोक काढून बघतात. जुलै २००२ मध्ये रे मिस्टेरिओ. त्याच जुलैत एरिक बिशॉफ, ज्याने मॅकमॅनला जवळजवळ बुडवलं होतं, 'रॉ'चा व्यवस्थापक म्हणून. नोव्हेंबरमध्ये स्टायनर. मार्च २००३ मध्ये गोल्डबर्ग, वर्षभरासाठी. वर्ष-दीड वर्षात 'आक्रमणा'ची जवळजवळ सगळी फौज हजर होती. फक्त आक्रमण संपून गेलं होतं.

स्टिंग आला नाही. तो थेट २०१४ मध्ये आला. त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १९८७ मध्ये बिल वॉट्सची यूडब्ल्यूएफ ही कंपनी क्रॉकेटने विकत घेतली होती, तेव्हा स्टिंग त्या विकल्या गेलेल्या कंपनीतला नवखा पोरगा होता. तिथेही दोन कंपन्यांची टक्कर लावू असं म्हटलं गेलं आणि विकत घेतलेल्या बाजूचे पट्टे, नावं आणि बहुतेक माणसं काही महिन्यांत अडगळीत गेली. त्यातून वर आलेल्या मोजक्यांपैकी स्टिंग एक. हा चित्रपट त्याने एकदा पाहिला होता. आणि २०१५ मध्ये 'रेसलमेनिया'त तो पहिल्यांदा उतरला तेव्हाही निकाल काय लागला? मॅकमॅनच्या कंपनीतल्या ट्रिपल एचकडून हार. चौदा वर्षांनंतरही डब्ल्यूसीडब्ल्यूला जिंकू द्यायचं नाही, हे बघून मला तर हसू आलं होतं.

दुसऱ्या गटातले बहुतेक दोन-चार वर्षांत गळाले. अपवाद हेल्म्सचा: त्याने 'हरिकेन' हा सुपरहिरो स्वतःच्या विनोदबुद्धीवर उभा केला आणि लोकांना आवडला.

तिसऱ्या गटाची गोष्ट सगळ्यात रंजक आहे. टीव्हीवर हाकललेल्या जॅरेटने वडिलांबरोबर जून २००२ मध्ये टीएनए ही नवी कंपनी काढली. कुणी न विचारलेला एजे स्टाइल्स तिथला सगळ्यात मोठा तारा झाला, मग जपान गाजवलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच २००२ पासूनचं नाव) आला तेव्हा त्याच वर्षी तिथला जगज्जेता झाला. २००१ च्या त्या यादीत तो काही हजार डॉलरांत मिळाला असता. पण खरं सांगायचं तर, त्या यादीत असता तर सिनसिनाटीला जाऊन वर्षभरात बाहेर पडला असता अशीच शक्यता जास्त.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळं काय करता आलं असतं

खरेदीदाराकडून सुरू करू. मॅकमॅनला पैलवानांचं भलं करायचं होतं असं कुणी म्हणत नाही, तेव्हा त्याच्याच फायद्याच्या हिशेबाने बघू. मार्च २००२ मध्ये कंपनीने स्वतःच्या पैलवानांची दोन गटांत वाटणी केली, 'रॉ' वेगळा, 'स्मॅकडाउन' वेगळा, कारण माणसं जास्त झाली होती आणि स्पर्धा उरली नव्हती. म्हणजे दोन कंपन्यांची गरज त्यांना पटली, फक्त वर्षभर उशिरा. डब्ल्यूसीडब्ल्यूचं नाव तोपर्यंत जपलं असतं, तर त्या दुसऱ्या गटाला तयार नाव, तयार इतिहास आणि नॅशपासून गोल्डबर्गपर्यंत येणारी माणसं मिळाली असती. पण विकत घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्याच रिंगमध्ये जिंकताना बघायला मालकाचं मन तयार नव्हतं. पगाराचं कारण खरं होतंच. त्याच्या मागे हे दुसरं कारणही होतं, आणि स्टिंगच्या २०१५ च्या हारीला तर पगाराचं कारण लागूच होत नाही.

पेजचा निर्णय चुकला का? वयाचा हिशेब बरोबर होता. कमी पडली ती भूमिकेबद्दलची बोली. पैसे सोडून येणाऱ्या माणसाच्या हातात येण्याआधीचे काही दिवस थोडी ताकद असते, कारण खरेदीदाराला पहिलं मोठं नाव हवं असतं. पहिल्या सहा महिन्यांत मला काय म्हणून उभं करणार, हे तेव्हा विचारता येतं. बुकर टीकडे किमान पट्टा होता, त्यामुळे त्याला थेट ऑस्टिनसमोर आणणं भाग पडलं. पेजकडे फक्त इच्छा होती.

टॅकोमाच्या रात्रीबद्दल बॅगवेलला दोष देणं सोपं आहे. पण प्रेक्षक कुणाचे, गाव कुठलं आणि लढत किती वाजता, हे त्याने ठरवलं नव्हतं. विकत घेतलेल्या कंपनीच्या माणसाला पहिली संधी नेहमी दुसऱ्याच्या मैदानात मिळते आणि तिचा निकाल त्याच्या नावावर लागतो. त्याला काही करता आलं असतं असं मला वाटत नाही.

करारांचं म्हणाल तर तीन गोष्टी २००१ नंतर या धंद्यातल्या शहाण्या लोकांनी शिकून घेतल्या. कंपनी विकली गेली तर करार मोडायचा हक्क मला असावा, हे कलम. जुन्या चित्रणावर पुढे कमाई झाली तर माझा वाटा किती, हे कलम. २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने स्वतःची ऑनलाइन वाहिनी काढून 'नायट्रो'चे जुने भाग त्यावर टाकले तेव्हा हा मुद्दा जिवंत झाला आणि २०१६ मध्ये बफ बॅगवेलसह काहींनी तो कोर्टात नेला. आणि तिसरं, रिंगमधलं नाव. ईसीडब्ल्यूची मालमत्ता पुढे मॅकमॅनकडे आली, त्यात तिथल्या एका जोडीचं 'डडली' हे नावही आलं. २००५ मध्ये ते दोघे 'भाऊ' कंपनी सोडून टीएनएत गेले तेव्हा दहा वर्षं ज्या नावावर टाळ्या घेतल्या ते नाव वापरता येईना, त्यांना 'टीम थ्रीडी' व्हावं लागलं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर रिंग ऑफ ऑनर बघा. २०२१ च्या अखेरीस त्या कंपनीने थांबायचं ठरवलं आणि पैलवानांना करारातून मोकळं केलं. मार्च २०२२ मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीच्या टोनी खानने ती घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा विकायला नाव आणि टेप होत्या, माणसं जवळजवळ नव्हती. ती आधीच मोकळी होती, आणि बाजारात घेणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. कुणी इकडे गेलं, कुणी तिकडे, कुणी नव्या मालकाकडे परत. यातलं काहीच २००१ मध्ये शक्य नव्हतं.